मनोविकार आणि नेतृत्व : एका आकर्षक सिद्धांताची तपासणी

शाहू जयंतीच्या आठवड्यात कसबा बावड्यातील एका शाळेत 'वैज्ञानिक दृष्टिकोन' या विषयावर बोलण्यासाठी आम्हाला बोलावणे आले होते. व्याख्यान झाले, चहा झाला, आणि निघताना अकरावीतली एक मुलगी थांबून राहिलेली दिसली. तिने विचारले, "सर, मानसिक आजार असलेली माणसं संकटात जास्त चांगलं नेतृत्व करतात, हे शास्त्रानं सिद्ध झालंय ना?" हे कुठे वाचलेस, असे विचारल्यावर कळले की, तिच्या शिक्षकांनी वर्गात एका पुस्तकाबद्दल सांगितले होते. मग थोडे घुटमळून तिने खरी गोष्ट सांगितली. तिच्या मामाला बरीच वर्षे गोळ्या चालू आहेत. तिने घरी ही माहिती मोठ्या आनंदाने सांगितली, मामाला बरे वाटावे म्हणून. मामा म्हणाला, "म्हणजे माझी धार ह्या गोळ्यांनीच घालवली म्हणायची!" त्या दिवसापासून तो गोळ्या टाळू लागला.

ते पुस्तक त्या शिक्षकांना आम्हीच वाचायला दिले होते. तेव्हा या लेखाला पुस्तक परीक्षण म्हणावे की कर्जफेड, हे वाचकांनी ठरवावे.

पुस्तकाचे नाव 'अ फर्स्ट-रेट मॅडनेस', लेखक नासिर घेमी, प्रकाशन २०११ चे. घेमी हे अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि द्विध्रुवी विकारावर, म्हणजे ज्यात उन्माद आणि नैराश्य यांचे झटके आलटून पालटून येतात त्या आजारावर, त्यांनी पुष्कळ काम केले आहे. पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे : शांततेच्या काळात मनाने निरोगी असलेला नेता चांगला, पण संकट आले की निरोगी नेता गडबडतो आणि सौम्य किंवा मध्यम मनोविकार असलेला नेता उजवा ठरतो. याचे कारण म्हणजे मनोविकारातून मिळणारे चार गुण. नैराश्यामुळे माणूस परिस्थिती आहे तशी पाहतो आणि दुसऱ्याचे दुःख जाणतो. उन्मादामुळे कल्पकता येते आणि पडून पुन्हा उठण्याची ताकद येते. वास्तवाचे भान, सहवेदना, कल्पकता आणि चिवटपणा. उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत : लिंकन, चर्चिल, गांधीजी, मार्टिन ल्यूथर किंग, रूझवेल्ट, केनेडी, अमेरिकन यादवी युद्धातला सेनापती शर्मन. विरुद्ध बाजूला चेंबरलेन, निक्सन, धाकटे बुश, टोनी ब्लेअर. ही मंडळी लेखकाच्या मते मनाने निरोगी आणि म्हणूनच संकटात तोकडी पडलेली.

पुस्तक वाचनीय आहे आणि हेतूही चांगला आहे. मनोविकार म्हणजे दुबळेपणा, मनोविकारी माणूस म्हणजे कोणत्याही जबाबदारीला नालायक, ही समजूत मोडावी, असे लेखकाला मनापासून वाटते. आपल्याकडे त्या समजुतीची मुळे किती खोल आहेत, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी कोणी 'येरवड्याला' जाऊन आले आहे, हे कळले की, डबा खायला त्याच्याशेजारी कोण बसते, तेवढे पाहावे. म्हणून या पुस्तकाबद्दल बोलताना आम्ही सावधपणे बोलणार आहोत. पण चांगल्या हेतूने केलेली बेरीज चुकली, तर ती चुकलेलीच असते.

प्रथम मांडणीकडे पाहू. पुस्तकात प्रत्येक नेत्याला एकेक गुणाचे खाते दिले आहे. चर्चिल आणि लिंकन वास्तवाच्या खात्यात, गांधीजी आणि किंग सहवेदनेच्या खात्यात, रूझवेल्ट आणि केनेडी चिवटपणाच्या. आता नैराश्यातून वास्तवाचे भान आणि सहवेदना हे दोन्ही गुण येतात, असे म्हटले, तर चर्चिलच्या ठिकाणी दोन्ही शोधायला हवेत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात काही लाख नव्हे, वीस ते तीस लाख माणसे मेली आणि त्या काळात लंडनहून धान्याच्या जहाजांबाबत काय उत्तरे येत होती, हे आपल्याला इतिहासाच्या अभ्यासकांनी सांगितले आहे. चर्चिलची ही बाजू सहवेदनेच्या खात्यात जमा केली, तर खाते बुडते. म्हणून ते त्याच्या नावावर उघडलेच नाही. हिटलरला १९४० मध्ये चर्चिलने ओळखले, हे खरे. पण १९१५ मध्ये गॅलिपोलीची मोहीमही त्यानेच रेटली होती आणि गांधीजींविषयीचे त्याचे अंदाज आयुष्यभर चुकत गेले. त्याचा 'काळा कुत्रा', म्हणजे त्याच्या उदासीचे झटके, हे १९४० मध्ये उपयोगी पडले आणि १९१५ मध्ये नाही, असे म्हणायला काही वेगळे कारण द्यावे लागेल.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणालाही अशा वेळी एक साधा तक्ता आठवतो. एखादे औषध लागू पडते का, हे तपासताना आपण 'औषध घेतले आणि बरे झाले' एवढीच माणसे मोजत नाही. औषध घेऊन बरे न झालेले, न घेता बरे झालेले आणि न घेता बरे न झालेले, असे चारही रकाने भरावे लागतात. इथे चार रकाने असे : मनोविकार आहे आणि संकटात यशस्वी, मनोविकार आहे आणि अयशस्वी, नाही आणि यशस्वी, नाही आणि अयशस्वी. घेमींच्या पुस्तकात पहिला आणि चौथा रकाना गच्च भरला आहे. दुसऱ्या रकान्यात ठळक असा एक हिटलर आहे आणि तिसरा जवळजवळ मोकळा आहे. हिटलरच्या बाबतीत ते म्हणतात की, त्याच्या द्विध्रुवी प्रकृतीला अँफेटॅमिनच्या टोचण्यांनी बिघडवले. केनेडींच्या बाबतीत उलट, औषधोपचार नीट बसल्यावर त्यांचे नेतृत्व सुधारले, असे सांगतात. म्हणजे निकाल चांगला लागला, तर श्रेय प्रकृतीला किंवा उपचाराला, वाईट लागला, तर दोष औषधाला. अशा सिद्धांताला नापास करणारा पेपर कोणता काढायचा?

रूझवेल्ट आणि केनेडी यांच्या बाबतीत तर आजारच नाही. सदा उत्साही, बोलके, थोड्या झोपेवर भागवणारे, धाडसी, अशा स्वभावाला लेखक 'हायपरथायमिक' म्हणतात आणि तो उन्मादाचा सौम्य भाऊबंद मानून आजाराच्या बाजूला धरतात. स्वभाव आणि विकार यांच्यामधली रेघ अशी हवी तिथे सरकवता आली की, पहिला रकाना भरायला कितीही माणसे मिळतात.

दुसरा प्रश्न 'संकट' या शब्दाचा. बावड्याच्या लोकांना तो फार चांगला कळेल. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा इथलाच. पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा, ४३ फुटांवर गेले की धोका, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. या मोजपट्टीचा गुण असा की, आकडा पूर येण्याच्या आधी ठरलेला असतो. पाणी घरात शिरल्यावर कोणी ठरवत नाही की, चला, आजपासून ४१ फूट म्हणजे धोका. पुस्तकात संकटाची अशी रेघ कुठेही आधी मारलेली नाही. कोणता काळ संकटाचा आणि कोणता शांततेचा, हे नेता कसा वागला, ते पाहून झाल्यावर ठरलेले दिसते. चेंबरलेन अपयशी ठरले, म्हणून १९३८ हे संकट. पण त्याआधी अर्थमंत्री म्हणून मंदीच्या वर्षांत त्यांनी ब्रिटनची तिजोरी सांभाळली, ते वर्ष कशात धरायचे?

आता मुख्य अडचणीकडे वळू : मेलेल्या माणसाचे निदान. यासाठी लिंकनपर्यंत जाण्याची गरज नाही. बावड्याच्या रस्त्याला लागताना डाव्या-उजव्या हाताला जे दिसते, तेवढे पुरे आहे.

नव्या राजवाड्याचे बांधकाम सुरू असताना, १८७७ ते १८८४ या काळात, कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. जन्म ५ एप्रिल १८६३ चा. आधीचे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परतताना १८७० च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्समध्ये वारले आणि १८७१ मध्ये या मुलाला दत्तक घेण्यात आले. पुढे काही वर्षांत महाराजांच्या मनावर परिणाम झाल्याचे सरकारदरबारी सांगितले जाऊ लागले. १८८२ मध्ये राज्यकारभारासाठी रीजंट म्हणून कागलचे जयसिंगराव घाटगे यांची नेमणूक झाली. महाराजांना अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नेऊन ठेवण्यात आले. तिथे २५ डिसेंबर १८८३ रोजी, ग्रीन नावाच्या गोऱ्या रक्षकाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. वय वीस.

हे सर्व चालू असताना पुण्यात नुकतेच सुरू झालेले 'केसरी' आणि 'मराठा' महाराजांच्या बाजूने लिहीत होते. महाराज वेडे नाहीत, त्यांना वेडे ठरवले जात आहे, त्यांचा छळ होत आहे आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा त्यांचा आरोप होता. पुराव्यादाखल काही पत्रे छापली गेली. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला, पत्रे बनावट निघाली, आणि १८८२ च्या जुलैत टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवसांनी ते सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, ते मराठी वाचकांना माहीत आहे.

शिक्षकमित्रांनी या प्रकरणाकडे निदानाच्या दृष्टीने पाहावे. एका बाजूला निदान सांगणारे जे लोक होते, त्यांच्या हातात राज्याचा कारभार होता; राजा शहाणा ठरता, तर तो त्यांना सोडावा लागला असता. दुसऱ्या बाजूला निदान नाकारणारे जे लोक होते, त्यांना परकीय सत्तेचा अन्याय दाखवायचा होता, आणि त्या तळमळीत त्यांनी खोटी पत्रे खरी मानली. दोन्ही बाजूंचे म्हणणे कागदावर आहे. महाराजांचे स्वतःचे म्हणणे मात्र त्या कागदांत सर्वांत कमी आहे. कोंडून ठेवलेला, पहाऱ्यात असलेला, ज्याच्यावर पाळत आहे असा विशीतला मुलगा चिडला, बोलेनासा झाला, अंगावर धावून गेला, तर ते आजाराचे लक्षण की कोंडण्याचे? आज एखादा तज्ज्ञ या कागदांवरून अमुक विकार होता, असे छातीठोकपणे सांगू लागला, तर तो महाराजांविषयी काही सांगत नसून त्या कागदांतल्या कोणत्या बाजूवर त्याचा विश्वास बसला, एवढेच सांगत आहे.

असे प्रसंग आपल्याकडेच घडले, असे नाही. १८८६ मध्ये बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याला चार मनोविकारतज्ज्ञांच्या अहवालावरून पदच्युत केले गेले. त्यांचे प्रमुख डॉ. गुडेन यांनी राजाला तपासलेच नव्हते. नोकरचाकरांच्या जबान्यांवर अहवाल लिहिला. थोड्याच दिवसांत राजा आणि गुडेन दोघेही तलावाच्या काठी मृत आढळले. आणि लोकशाहीतही हे घडते. १९६४ मध्ये अमेरिकेतील 'फॅक्ट' नियतकालिकाने बारा हजारांवर मनोविकारतज्ज्ञांना पत्रे पाठवून विचारले की, उमेदवार बॅरी गोल्डवॉटर अध्यक्ष होण्यास मनाने पात्र आहेत का. २,४१७ जणांनी उत्तरे दिली, त्यांतल्या १,१८९ जणांनी 'अपात्र' असे कळवले. त्यांनी गोल्डवॉटर यांना तपासलेले नव्हते. गोल्डवॉटर बदनामीचा खटला जिंकले आणि १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नियम केला की, स्वतः तपासल्याशिवाय आणि परवानगीशिवाय कोणाही सार्वजनिक व्यक्तीचे निदान जाहीर करायचे नाही. कोल्हापुरात राजाला उतरवण्यासाठी निदान वापरले गेले. घेमी नेत्याला चढवण्यासाठी वापरतात. शिडी तीच आहे.

लांबून निदान करणे किती सोपे असते, हे दाखवण्यासाठी आम्ही एक खेळ करून पाहिला. वाचकांनी तो खेळ म्हणूनच घ्यावा. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म याच बावड्यातल्या लक्ष्मी-विलास पॅलेसमधला, २६ जून १८७४ चा. संकटातला नेता म्हणून त्यांच्याइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. २ एप्रिल १८९४ ला अधिकार हाती आले आणि दोनच वर्षांत १८९६-९७ चा दुष्काळ. त्याच्या पाठोपाठ प्लेग. विसाव्या शतकाच्या तोंडावर पुन्हा दुष्काळ. स्वस्त धान्याची दुकाने, तगाई, दुष्काळी कामे, प्लेगमध्ये वस्त्या हलवणे, हे सर्व या तरुण राजाच्या देखरेखीखाली झाले. पुढे १९०२ ची पन्नास टक्के जागांची राखीव तरतूद, राधानगरीचे धरण, १९१७ चे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण.

आता घेमींच्या पद्धतीने त्यांचे टिपण काढू. तीन वर्षांचे असताना आई गेली. दहाव्या वर्षी दत्तक म्हणून परक्या वाड्यात. बाराव्या वर्षी जन्मदाते वडील गेले. १९१८ मध्ये धाकटे चिरंजीव शिकारीच्या अपघातात गेले. झाले, दुःखातून आलेली सहवेदना तयार. धिप्पाड देह, कुस्तीचा आणि शिकारीचा नाद, अफाट उत्साह, रूढीला धक्का देण्याची बेदरकारी. उन्मादाकडे झुकणारा स्वभाव, म्हणजे कल्पकता आणि चिवटपणा हेही तयार. दहा मिनिटांत आम्ही शाहू महाराजांना सिद्धांताच्या पहिल्या रकान्यात बसवले. आता याच तथ्यांवरून दुसरे टिपण काढू : लहानपणी आघात होऊनही राजकोट आणि धारवाडला नियमित शिक्षण झालेला, फ्रेझरसारखा चांगला शिक्षक लाभलेला, तालमीत रमणारा, सर्व थरांतल्या माणसांशी मोकळेपणाने मिसळणारा निरोगी मनाचा राजा. हेही तितकेच पटते. एकाच माहितीतून दोन विरुद्ध निदाने निघत असतील आणि दोन्ही वेळा आपल्याला 'बरोबर' वाटत असेल, तर आपण निदान करत नाही, गोष्ट सांगत आहोत. शाहू महाराजांना मनोविकार असल्याचा कोणताही पुरावा नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. नाहीतर पुढच्या जयंतीला कोणीतरी हे टिपण खरे म्हणून भाषणात ठोकेल.

गांधीजींच्या बाबतीत पुस्तकाने केले आहे, ते साधारण याच जातीचे आहे. आत्मचरित्रात त्यांनी किशोरवयातला एक प्रसंग प्रांजळपणे सांगितला आहे : मोठ्यांच्या धाकाला कंटाळून एका नातेवाईक मुलाबरोबर जीव द्यायचे ठरवले, पण हिंमत झाली नाही आणि दोघे घरी परतले. गांधीजी तो प्रसंग जवळजवळ हसत सांगतात. तो आयुष्यभराच्या नैराश्याच्या साखळीतली पहिली कडी म्हणून मांडला गेला की, त्याचा रंगच बदलतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींचे असे बोलणे शिक्षकांनी कधीही हलके घेऊ नये, ही गोष्ट वेगळी. पण त्यावरून साठ वर्षांनंतरच्या नोआखालीतल्या पायी फिरण्याचे कारण सांगणे हे फार लांबचे अनुमान झाले.

मग चार गुणांचे काय? मनोविकारातून ते येतात, याला काही स्वतंत्र पुरावा आहे का? त्यातल्या त्यात प्रायोगिक पाया एका दाव्याला होता : उदास माणसाला जग अधिक अचूक दिसते. १९७९ मध्ये अलॉय आणि अब्रॅमसन या दोन संशोधिकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक नेटका प्रयोग केला. समोर बटण आणि हिरवा दिवा. बटण दाबल्याने दिवा किती वेळा लागतो, म्हणजे आपले नियंत्रण किती, ते सांगायचे. काही फेऱ्यांत बटणाचा दिव्याशी काहीच संबंध नव्हता. प्रश्नावलीत उदास ठरलेल्या विद्यार्थ्यांनी आपले नियंत्रण बरेचसे अचूक ओळखले. इतरांनी मात्र, दिवा वारंवार लागत असला की, तो आपल्यामुळेच लागतो, असे मानले. प्रयोग गाजला आणि 'उदास पण शहाणा' ही कल्पना पाठ्यपुस्तकांत गेली.

पुढचे कमी लोकांना माहीत असते. २०१२ मध्ये अशा ७५ अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा परिणाम अगदीच किरकोळ निघाला. उदास आणि उदास नसलेले, दोन्ही गट थोडे आशावादाकडेच झुकलेले आढळले. २०२२ मध्ये मूळ प्रयोगाच्या धर्तीवर पुन्हा काळजीपूर्वक प्रयोग केला, तर परिणाम दिसलाच नाही. घेमींचे पुस्तक २०११ चे, तेव्हा ही नंतरची माहिती त्यांच्याकडे नव्हती, हे मान्य. पण मूळ प्रयोगातले विद्यार्थी रुग्णालयातले रुग्ण नव्हते आणि बटण-दिव्याचा खेळ म्हणजे महायुद्ध नव्हे, एवढे तर १९७९ लाही दिसत होते.

इथे नव्या राजवाड्याचे वास्तुशिल्पकार मेजर चार्ल्स मँट यांची आठवण येते. कोल्हापूरचा टाऊन हॉल, नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा यांचे आराखडे त्यांचे. त्यांच्याविषयी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते : आपली गणिते चुकली आहेत, या इमारती कोसळणार, या विचाराने त्यांना पछाडले आणि त्यातच १८८१ मध्ये त्यांचा अंत झाला. बडोद्याचे काम मग चिझम यांनी पुरे केले. गोष्टीतला किती भाग खरा आणि किती तिखटमीठ, याचा आग्रह आम्ही धरत नाही, कारण आत्ताच आम्ही ऐकीव निदानाविरुद्ध इतके लिहिले. पण 'उदास माणसाला वास्तव दिसते' या दाव्याच्या पुष्ट्यर्थ किस्सेच सांगायचे असतील, तर हाही एक किस्सा आहे. दोन्ही राजवाडे आजही उभे आहेत. गणिते बरोबर होती, भीती चुकीची होती. नैराश्य ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल : परीक्षेत पहिली येणारी मुलगी 'मी नापासच होणार' असे रात्र-रात्र म्हणते, तेव्हा तिला वास्तव अधिक स्पष्ट दिसत नसते.

एक शेवटचा मुद्दा आकड्यांचा. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील तज्ज्ञांनी १७७६ ते १९७४ या काळातील ३७ राष्ट्राध्यक्षांची चरित्रे वाचून, त्यांतल्या १८ जणांमध्ये आयुष्यात कधीतरी मनोविकाराची लक्षणे दिसतात, असे म्हटले. म्हणजे जवळजवळ निम्मे. निदान लांबूनच केलेले असल्याने वरचे सर्व आक्षेप इथेही लागू आहेत. तरी हा आकडा क्षणभर खरा मानू. ज्या टोपलीत निम्मे आंबे हापूस आहेत, तिच्यातून डोळे मिटून दहा आंबे काढले, तरी पाच हापूस निघतात. दहा उत्तम अध्यक्ष निवडले आणि त्यांत पाच मनोविकारी निघाले, तर त्यातून मनोविकार उपयोगी पडतो, असे निघत नाही. दहा निकृष्ट अध्यक्षांतही पाचच निघतील. फरक दाखवायचा, तर दोन्हीकडचे प्रमाण मोजून दाखवावे लागते. पुस्तकात ते कुठे नाही.

याउलट, मनोविकार असूनही माणूस जबाबदारीचे पद नीट सांभाळू शकतो, हा साधा दावा घेतला, तर त्याला पुरावा भरपूर आहे आणि तो दावा करायला कोणाला मेल्यावर तपासावे लागत नाही. १९९८ मध्ये नॉर्वेचे पंतप्रधान शेल मॅग्ने बोंडेविक यांनी आपल्याला नैराश्याचा झटका आला आहे, असे जाहीर सांगून काही आठवडे रजा घेतली, उपचार घेतले आणि कामावर परतले. २००१ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. नैराश्यामुळे ते मोठे झाले, असे त्यांच्या बाबतीत कोणी म्हणत नाही. त्यांना आजार झाला, त्यावर इलाज झाला, आणि ते आपले काम करत राहिले. पुस्तकात रंगवलेल्या महापुरुषांपेक्षा हे उदाहरण फिके वाटते खरे. पण त्या मुलीच्या मामाला आम्ही हेच सांगू.

आपल्या कायद्यातही ही समज हळूहळू उतरली आहे. राज्यघटनेच्या १०२ आणि १९१ या अनुच्छेदांप्रमाणे खासदार-आमदार अपात्र ठरतो, तो सक्षम न्यायालयाने मनाने विकल घोषित केल्यावरच; कोणा कारभाऱ्याच्या अहवालावर नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात तर स्पष्ट लिहिले आहे की, कोणाचा मानसिक आजार त्याच्या राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक स्थितीवरून ठरवायचा नाही, आणि आजार आहे एवढ्यावरून तो मनाने विकल आहे, असे मानायचे नाही. ही दोन वाक्ये १८८२ मध्ये कोल्हापूरला हवी होती.

२०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत पाहणी केली (महाराष्ट्र त्यांत नव्हता). सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि बहुतेक विकारांत दहांतल्या सात ते नऊ जणांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गातल्या पालकांचा विचार केला, तर आपण कोणाबद्दल बोलतो आहोत, हे शिक्षकांच्या लक्षात येईल. यांतल्या कोणालाही संकट आल्यावर चर्चिल व्हायचे नसते. त्यांना रात्री झोप हवी असते, सकाळी कामावर जायचे असते. त्यांच्या गोळ्यांनी 'धार' जाते की काय, ही शंका खरी आहे आणि ती डॉक्टरांपाशी काढायची असते. लिथियमसारख्या औषधाने हात थरथरणे, तहान लागणे, मंदपणा वाटणे असे त्रास काहींना होतात; मात्रा बदलता येते, औषध बदलता येते. मनाने औषध बंद करणे मात्र धोक्याचे; झटका उलटतो आणि आत्महत्येचा धोका वाढतो. लिथियमने तो धोका कमी होतो, याचा पुरावा चांगला आहे, आणि मौजेची गोष्ट म्हणजे, या औषधाचा पुरस्कार घेमी स्वतः वर्षानुवर्षे करत आले आहेत. पुस्तकाच्या वाचकांपर्यंत त्यातला गोडवाच अधिक पोहोचला.

त्या शाळेत आम्ही नंतर पुन्हा गेलो. अकरावीच्या मुलांना चार रकान्यांचा तक्ता फळ्यावर काढून दिला आणि इतिहासाच्या पुस्तकांतले वीस राज्यकर्ते निवडायला सांगितले. वर्गाचे दोन गट केले. एका गटाने फक्त 'संकटात कसे वागले' ते लिहायचे, दुसऱ्याने फक्त 'मनाच्या आजाराचा पुरावा काय' ते लिहायचे, आणि एकमेकांचे कागद शेवटपर्यंत पाहायचे नाहीत. तासाभरात दुसऱ्या गटात भांडण लागले : सवाई माधवरावांना ताप होता की वेड, हे कोणी ठरवायचे, आणि बखरीचे ऐकायचे की इंग्रजांच्या पत्राचे? पुरावा म्हणजे काय, हे आधी ठरवू द्या, असे म्हणून त्यांनी तक्ता रिकामाच ठेवला. दुसरा तास आम्ही मागून घेतला आहे. मामा महिनाभराने पुन्हा डॉक्टरांकडे गेल्याचे त्या मुलीने जाता जाता सांगितले. मात्रा थोडी कमी करून दिली आहे म्हणे.